डब्लिनहून परतीची बस

नववीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. विषय होता ‘संविधान आणि आपण’. भाषण सरांनी लिहून दिलं होतं. हात कुठे वर करायचा, कुठे थांबायचं, तेही त्यांनीच वहीच्या समासात लाल पेनाने लिहिलं होतं. ‘समता’ म्हटलं की उजवा हात. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी. मला प्रशस्तिपत्रक मिळालं, पाकिटात दोनशे रुपये मिळाले आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्या शाळेच्या टाळ्या मिळाल्या.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. इथेही ती शेवटी सांगतो, कारण ती मला नीट कळली ती दुसऱ्या एका मुलाची गोष्ट वाचल्यावर.

तो मुलगाही वक्तृत्व स्पर्धेला गेला होता आणि संविधानावरच बोलला होता. वय पंधरा. घरी त्याला एम. एल. म्हणायचे. पुढे जगाने त्याला मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर या नावाने ओळखलं. जानेवारी 1965 मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकात (हो, तेच) लेखक अॅलेक्स हेली यांनी घेतलेली त्यांची लांबलचक मुलाखत आली. त्यात किंग यांनी या स्पर्धेची आणि तिथून परत येतानाच्या बसची आठवण सांगितली आहे. आयुष्यात इतका संताप आपल्याला पुन्हा कधीच आला नाही, असं ते त्यात म्हणतात. ज्या माणसाला पुढे अनेकदा अटक झाली, ज्याच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्याचं हे म्हणणं आहे.

ती बस समजून घ्यायची तर आधी स्पर्धा समजून घ्यावी लागते.

लॉज, पण आपल्याकडचं नव्हे

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बंधुमंडळांचं मोठं पेव फुटलं होतं. गुप्त विधी, खांद्यावरून पट्टे, भारदस्त पदव्या, आणि त्याबरोबर आजारी सभासदाला मदत, मेलेल्याच्या कुटुंबाला आधार. अशा मंडळाच्या शाखेला ‘लॉज’ म्हणत. ‘एल्क्स’ हे त्यातलंच एक मंडळ. 1868 साली न्यूयॉर्कमध्ये नाटकवाल्यांनी सुरू केलेलं. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखा, पण जास्त थोराड प्राणी. सभासद व्हायला माणूस गोरा असावा लागे.

1898 साली सिनसिनाटी शहरात कृष्णवर्णीयांनी स्वतःचं एल्क्स मंडळ काढलं. त्यात पुढाकार घेणारे आर्थर रिग्ज रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टर म्हणून काम केलेले. असं सांगतात, की गोऱ्या एल्क्सच्या विधींची पुस्तिका त्यांच्या हाती लागली, तिचा कॉपीराइट कुणी घेतलेला नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो सरळ आपल्या बाजूने नोंदवून टाकला. मंडळाच्या नावात त्यांनी एक शब्द वाढवला: ‘इम्प्रूव्ह्ड’, म्हणजे सुधारित. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन टू. गोरे एल्क्स कोर्टात गेले. न्यूयॉर्कमध्ये 1912 साली निकालही त्यांच्या बाजूने लागला. तरी सुधारित एल्क्स वाढतच राहिले.

1922 साली जे. फिन्ली विल्सन नावाचे वृत्तपत्र संपादक या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि 1952 साली मरेपर्यंत अध्यक्ष राहिले. त्यांच्या काळात मंडळाने शिक्षण विभाग काढला. तो सांभाळला विल्यम ह्यूस्टन यांनी. हे गृहस्थ न्यायाधीश होते आणि काही वर्षं कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बेसबॉल लीगचे अध्यक्षही. या विभागाची सगळ्यांत नाव झालेली गोष्ट म्हणजे हायस्कूलच्या मुलांसाठीची वक्तृत्व स्पर्धा. आधी शाळेत, मग राज्यात, मग देशपातळीवर. जिंकणाऱ्याला कॉलेजसाठी शिष्यवृत्ती. बोलायचं अमेरिकेच्या संविधानावर.

संविधानावरच का? अब्राहम लिंकनवर का नाही, स्वातंत्र्यावर का नाही?

कारण संविधानात तीन दुरुस्त्या होत्या. तेरावी, 1865 ची: गुलामगिरी बंद. चौदावी, 1868 ची: इथे जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आणि कायद्याचं संरक्षण सगळ्यांना सारखं. पंधरावी, 1870 ची: वंश किंवा रंगाच्या कारणाने कुणाचा मताधिकार नाकारता येणार नाही. तिन्ही दुरुस्त्या जागच्या जागी होत्या, कुणी त्या खोडल्या नव्हत्या. फक्त दक्षिणेकडच्या राज्यांत त्या चालत नव्हत्या. 1896 साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं, की डबे वेगळे असले तरी सारखे असतील तर त्यात समतेचा भंग होत नाही. डबे वेगळे झाले. सारखे कधीच झाले नाहीत.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं आणि दुरुस्त करायचं आहे. आमच्याकडे बग नोंदवायचा फॉर्म असतो. त्यात दोन रकाने भरावेच लागतात. एक, काय व्हायला हवं होतं. दोन, प्रत्यक्षात काय झालं. पहिला रकाना रिकामा असेल तर तक्रार परत येते. ‘सिस्टीम अशीच चालते’ असं समोरचा म्हणाला तर तुमच्याकडे उत्तर नसतं. एल्क्स मंडळाची स्पर्धा मला या पहिल्या रकान्यासारखी वाटते. दुसरा रकाना त्या मुलांना शिकवायची गरज नव्हती. तो त्यांच्या रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात रोज भरला जात होता. काय व्हायला हवं होतं, हे मात्र कुणीतरी पाठ करून घ्यावं लागणार होतं.

आजोबांची शाळा

एम. एल. अटलांटाच्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. ही शाळा 1924 साली उघडली. त्याआधी अटलांटात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही सरकारी हायस्कूल नव्हतं.

ती उघडली कशी, हाही नागरिकशास्त्राचाच धडा आहे. जॉर्जियात खरी निवडणूक व्हायची ती डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार निवडायची प्राथमिक फेरी. तिच्यात फक्त गोऱ्यांना मत देता येई. पण शहराने कर्जरोखे काढायचे ठरवले तर त्यावर होणारं मतदान पक्षाचं नसायचं. तिथे नोंदणी झालेला कृष्णवर्णीय मतदार चालत होता. ही फट काही मंडळींनी हेरली. 1919 साली शाळांसाठी कर्जरोख्यांचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी घरोघर जाऊन मतदार नोंदवले आणि प्रस्ताव पाडला. आमच्या मुलांसाठी त्यात काही नसेल, तर आमचं मतही नाही. 1921 साली शहराने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी पैसे देऊ केले, तेव्हा प्रस्ताव मंजूर झाला. त्यातून हे हायस्कूल उभं राहिलं.

या लढ्यात पुढे असलेले एक पाद्री होते ए. डी. विल्यम्स. एम. एल.च्या आईचे वडील. म्हणजे ज्या शाळेने नातवाला संविधानावर बोलायला पाठवलं, ती शाळा आजोबांच्या पिढीने मतपेटीतून मिळवली होती.

नातू 1942 साली, तेराव्या वर्षी तिथे दाखल झाला. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून बसने जायचं. पुढच्या जागा रिकाम्या असल्या तरी मागे बसायचं. किंग यांनी पुढे सांगितलंय, की रोज ते शरीराने मागे जात, पण मन पुढच्या सीटवर ठेवून जात. एक दिवस शरीरालाही तिथे नेऊन बसवायचं, असं स्वतःला सांगत.

भाषण

17 एप्रिल 1944, सोमवार. शाळेतून निवडलेला एम. एल. राज्याच्या फेरीसाठी डब्लिनला गेला. आयर्लंडचं नव्हे, जॉर्जिया राज्याच्या मध्यभागातलं एक लहान गाव. सोबत शिक्षिका होत्या, सेरा ग्रेस ब्रॅडली. स्पर्धा फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये होती. भाषणाचं नाव ‘द निग्रो अँड द कॉन्स्टिट्यूशन’. तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी हाच शब्द रूढ होता.

हे भाषण आज वाचायला मिळतं, कारण शाळेच्या वार्षिक अंकात ते छापलं गेलं. किंग यांच्या कागदपत्रांच्या अभ्यासकांना त्यात मोठ्यांचा हात फिरलेला जाणवतो. त्या वयातल्या त्याच्या इतर लेखनापेक्षा ते जास्त घोटीव आहे. हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे तिकडेही समासात लाल पेन होताच.

तरी त्यात जे मुद्दे आहेत ते कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी धीट वाटावेत असे आहेत. सगळे समान जन्मतात म्हणणाऱ्या देशात गुलामगिरी असणं हाच विरोधाभास, इथून तो सुरुवात करतो. मग गायिका मेरियन अँडरसन यांची गोष्ट सांगतो. 1939 साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांना गायला परवानगी नाकारली गेली, कारण त्यांचा रंग. सभागृहाचं नाव संविधान आणि दार बंद. मग त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि समोर प्रचंड जनसमुदाय लोटला. इथे टाळ्या घेऊन थांबता आलं असतं. पण मुलगा पुढे जातो. एवढा मान मिळालेल्या या बाईंना देशातल्या चांगल्या हॉटेलात रात्र काढता येत नाही, याची आठवण तो श्रोत्यांना करून देतो.

आणखी एक मुद्दा मला फार आवडला. देशातल्या दहापैकी एका माणसाला उपाशी आणि आजारी ठेवून देश निरोगी राहणार नाही, कारण रोगाचे जंतू रंगभेदाचे कायदे पाळत नाहीत. आणि शेवटाकडे सगळ्या भाषणाचा गाभा येतो: तेरावी, चौदावी आणि पंधरावी दुरुस्ती छापील कागदावरून प्रत्यक्षात उतरवण्यासाठी लाखो माणसं अजून झगडत आहेत.

दोन रकाने. दोन्ही भरलेले.

तीच परीक्षा, उलट्या बाजूने

त्या सोमवारी जॉर्जियात संविधानाची आणखी एक परीक्षा चालू होती. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

1908 साली जॉर्जियाने आपल्या राज्याच्या संविधानात दुरुस्ती करून मतदार नोंदणीला अटी घातल्या. त्यातल्या एका अटीत संविधानातला परिच्छेद वाचून आणि लिहून दाखवायचा होता. जमीन-मालमत्ता असणाऱ्यांसाठी, जुन्या सैनिकांच्या वंशजांसाठी, ‘चांगल्या चारित्र्याच्या’ माणसांसाठी वेगळ्या वाटा ठेवल्या होत्या. पास कोण आणि नापास कोण, हे ठरवणारा नोंदणी अधिकारी गोरा. अशा चाळणीतून गरीब गोरा निघून जाई आणि शिकलेला कृष्णवर्णीय अडके.

म्हणजे चर्चमध्ये संविधान समजावून सांगणाऱ्या मुलाला शिष्यवृत्तीची वाट दाखवली जात होती आणि सरकारी कचेरीत त्याच संविधानाचा परिच्छेद पुढे करून त्याच्या काका-मामांना मताविना परत पाठवलं जात होतं. नागरिकशास्त्राची परीक्षा नेहमी चांगल्यासाठीच असते, असं आपण धरून चालतो. ती कोण घेतं आणि कशासाठी घेतं, यावर सगळं अवलंबून असतं.

काळही अधांतरी होता. दोनच आठवड्यांपूर्वी, 3 एप्रिल 1944 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्या खटल्यात गोऱ्यांपुरती प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरवली होती. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्जियाने मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आणलं होतं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. कागदावर सगळं पुढे सरकत होतं. आणि 4 जुलै 1944 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जॉर्जियाच्या कोलंबस गावात प्रायमस किंग नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ प्राथमिक निवडणुकीत मत द्यायला गेले, तर त्यांना हाकलून देण्यात आलं. ते कोर्टात गेले आणि पुढे जिंकले. किंग कुटुंबाशी त्यांचं नातं नाही, आडनाव तेवढं एक.

बस

स्पर्धा झाली. मुलाखतीत किंग सांगतात, की आपण ती जिंकलो. रात्री ब्रॅडली बाई आणि एम. एल. अटलांटाच्या बसमध्ये बसले.

वाटेत काही गोरे प्रवासी चढले. ड्रायव्हरने दोघांना उठायला सांगितलं. ते पटकन उठले नाहीत, तसा तो शिव्या द्यायला लागला. एम. एल.ला उठायचं नव्हतं. बसूनच राहायचं त्याने ठरवलं होतं. ब्रॅडली बाईंनी त्याला समजावलं: ऊठ, कायदा पाळावा लागेल. तो उठला. अटलांटापर्यंतचे उरलेले 90 मैल दोघं बसच्या मधल्या वाटेत उभे होते. 90 मैल म्हणजे साधारण 145 किलोमीटर. पुण्याहून निघून मुंबईपर्यंत उभं राहा, रात्रीच्या वेळी, बक्षीस जिंकून आल्यावर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ब्रॅडली बाईंचा राग आला. ज्यांनी त्याला चौदावी दुरुस्ती शिकवली, त्यांनीच ऊठ म्हणावं?

मग त्या वर्षाच्या पुढच्या नोंदी वाचल्या. जुलै 1944, नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम. बुकर स्पायसली नावाचा कृष्णवर्णीय सैनिक, अंगावर लष्करी गणवेश, बसमध्ये जागेवरून ड्रायव्हरशी वाद. तो खाली उतरल्यावर ड्रायव्हरने त्याला गोळ्या घालून मारलं. गोऱ्या ज्यूरीने ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. त्याच महिन्यात व्हर्जिनियात आयरीन मॉर्गन या तरुणीने बसमधली जागा सोडायला नकार दिला. तिला अटक झाली, खटला चालला, आणि 1946 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये अशी सक्ती चालणार नाही.

एकाच महिन्यात, एकाच प्रकारच्या बसमध्ये, एकाच नकाराचे हे दोन शेवट. सीटवर बसल्या बसल्या आपल्या वाट्याला कुठला येणार, हे कुणालाच कळत नाही. दुसऱ्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाला सुखरूप घरी पोचवायची जबाबदारी असलेल्या बाईंनी त्या रात्री जे केलं, त्याला भित्रेपणा म्हणायची माझी आता हिंमत होत नाही. त्याही त्याच्याबरोबर उभ्याच होत्या. 90 मैल.

नंतर

त्या उन्हाळ्यात एम. एल. उत्तरेला, कनेटिकटच्या सिम्सबरीत तंबाखूच्या मळ्यावर कामाला गेला. तिथून आईला लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो, की हार्टफर्डच्या चांगल्या हॉटेलात आपण जेवलो आणि कुणी अडवलं नाही. परतीच्या प्रवासात दक्षिण सुरू झाली तसा डबा बदलावा लागला. जेवणाच्या डब्यात त्याला पडद्याआड बसवलं. सप्टेंबरमध्ये, अजून पंधराच वर्षांचा असताना, तो मोरहाउस कॉलेजात दाखल झाला.

पुढचं बरंचसं आपल्याला माहीत असतं. पण स्पर्धेच्या अंगाने पाहिलं की त्यातही काही वेगळं दिसतं.

2 मार्च 1955. अलाबामातलं माँटगोमेरी. क्लॉडेट कोल्विन नावाची पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून घरी जाताना बसमधून उठायला नकार देते. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. तिच्या शाळेचं नावही बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलच, शहर वेगळं. नुकताच फेब्रुवारीत शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवून झाला होता, संविधानातले हक्क ताजे होते. बसणं हा माझा घटनात्मक हक्क आहे, असं ती पोलिसांना ओरडून सांगत होती. तिला ओढत खाली नेलं. शहरातल्या पुढाऱ्यांनी तिच्या अटकेवरून आंदोलन उभारायचं टाळलं. पण तिच्यासाठी अधिकाऱ्यांना भेटायला जे लोक गेले, त्यात सव्वीस वर्षांचे एक नवे पाद्री होते. तेच एम. एल.

5 डिसेंबर 1955 रोजी बस बहिष्काराच्या पहिल्या सभेत ते उभे राहिले. तयारीला जेमतेम वेळ मिळाला होता. तरी त्यांनी सांगितलं ते मूळ धडाच होता: आपण चुकत असू, तर या देशाचं संविधानच चुकलंय म्हणावं लागेल. बहिष्कार 381 दिवस चालला. तो संपला न्यायालयाच्या निकालाने. 13 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरीच्या बसमधली सक्ती चौदाव्या दुरुस्तीच्या विरोधात असल्याचं कायम केलं. ज्या चार बायकांच्या नावावर हा खटला चालला, त्यांतली एक होती क्लॉडेट.

आणि 28 ऑगस्ट 1963 रोजी, लिंकन स्मारकाच्या त्याच पायऱ्यांवर, किंग यांनी देशाला न वटलेल्या चेकची आठवण करून दिली: संविधान हा एक वायदा होता आणि बँकेने आमचा चेक परत पाठवलाय. त्या दिवशी तिथे मेरियन अँडरसनही गायल्या. डब्लिनच्या चर्चमध्ये ज्यांची गोष्ट त्याने सांगितली होती, त्याच.

चहा

किंग 1959 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात आले होते. 1965 च्या एका प्रवचनात त्यांनी त्या दौऱ्यातली एक आठवण सांगितली. केरळमधल्या त्रिवेंद्रमच्या एका शाळेत ते गेले. मुलं बहुतेक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली: हे अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातल्या आपल्या माणसांचा विचार केला आणि स्वतःशी कबूल केलं, की हो, मी अस्पृश्यच आहे.

हे वाचलं तेव्हा मला तालुक्याची ती दुपार आठवली.

स्पर्धेला आमच्या शाळेतून आम्ही दोघं गेलो होतो. माझा मित्र आणि मी. त्याने भाषण स्वतः लिहिलं होतं. दुसरी घंटा होईपर्यंत ते संपलं नाही, त्याचा नंबर आला नाही. परतीच्या एसटीला तासभर वेळ होता, म्हणून सर आम्हाला स्टँडजवळच्या एका ओळखीच्या घरी घेऊन गेले. काकूंनी कौतुक केलं, कितवीत, किती टक्के विचारलं. मग माझ्याकडे वळून, “आडनाव काय रे तुझं?” मी सांगितलं. “आणि तुझं?” त्याने सांगितलं.

चहा आला. सरांना आणि मला कपबशीत. त्याला प्लॅस्टिकच्या कपात, मांडवात देतात तसल्या. घरात तिसरा कप नव्हता असं नाही. समोरच्या शोकेसमध्ये अख्खा सेट मांडून ठेवला होता.

माझ्या भाषणात दुसऱ्याच मिनिटाला सतरावं कलम होतं. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेला दिलेला इशाराही होता, की राजकारणात समता आणि समाजात विषमता असं फार काळ चालणार नाही. ते सगळं मी दीड तासापूर्वी, उजवा हात वर करून, म्हटलं होतं. सर बशीकडे बघत चहा प्यायले. मीही प्यायलो. मित्राने आपला कप उचलला, बाहेर जाऊन टाकला आणि परत येऊन चप्पल घालून दारात उभा राहिला. एसटीत तो मला विचारत होता, दोनशे रुपयांचं काय करणार.

डब्लिनच्या बसची गोष्ट वाचताना मी आधी आपोआप स्वतःला किंगच्या जागी उभं केलं. आपण सगळेच तसं करतो. वक्तृत्व स्पर्धेला गेलेला मुलगा, तो मीच. बऱ्याच उशिरा लक्षात आलं, की त्या बसमध्ये माझी जागा दुसरीकडे होती. दोघं उठल्यावर रिकाम्या झालेल्या सीटवर कुणीतरी बसलंच असणार. बसलं आणि खिडकीबाहेर बघत अटलांटापर्यंत गेलं. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांनी शाळेत संविधान शिकलेलं असेल, पाठही केलेलं असेल. दुसरा रकाना त्यांच्यासमोर 90 मैल उभा होता आणि त्यांनी तो भरला नाही.

हा लेख मी आधी मित्राला पाठवला. तो म्हणाला, नाव टाकू नकोस, बाकी ठीक आहे. मग म्हणाला, “तुला आठवतंय हे मला माहीत नव्हतं.” आणि थोड्या वेळाने आणखी एक मेसेज: “चहा पण पाणचटच होता.”

यंदाच्या 26 नोव्हेंबरला शाळेने मला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलंय. विषय साधारण तोच आहे. मुलं तयारीने येतील, समासात लाल पेन असेल, हात वर जातील. त्यात काही वाईट नाही, पहिला रकाना असाच पाठ होतो. भाषण झालं की प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारणार आहे: तू आत्ता जे कलम सांगितलंस, ते आपल्या गावात कुठे चालत नाही, आणि तू ते कधी पाहिलंस? त्या उत्तराला घंटा नसेल. आणि कुणी मला उलट विचारलंच, सर, तुम्ही कधी पाहिलंत, तर माझ्याकडेही उत्तर आहे.